जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर: दोन चुकीचे पार्ट, एक नापास पीयूसी आणि नाना पेठ

बाबांची निळ्या पुठ्ठ्याची एक डायरी आहे. १२ डिसेंबर २०१० ला गाडी घरी आली, त्या दिवसापासून प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि किलोमीटर त्यात उतरतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हे बघ गं. गावातल्या गावात गाडी दहावर आलीय." लिटरला दहा किलोमीटर. हीच गाडी मागच्या दिवाळीपर्यंत साताऱ्यात साडेचौदा देत होती.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, एमएच-११ पासिंग, १ लाख ८ हजार किलोमीटर झालेली. डिसेंबर २०२५ मध्ये तिला पंधरा वर्षं भरणार होती, म्हणजे रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आलं, त्याला चालू पीयूसी लागते, आणि पीयूसीपासूनच आमची अडचण सुरू झाली. पुढचे दीड-दोन महिने एका बोटभर लांबीच्या पार्टसाठी जी शोधाशोध केली ती इथे तारखांसकट लिहिते आहे. मी शोधत होते तेव्हा जे वाचायला मिळालं ते बहुतेक अमेरिकेतल्या गाड्यांबद्दल होतं. आपल्याकडच्या बीएस-३ (भारत स्टेज ३, प्रदूषणाचं जुनं मानक) गाडीवाल्याला नेमकं काय करायचं ते कुठे सलग सापडलं नाही.

गणपतीला, २६ ऑगस्टला, आम्ही पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलो. या फेरीत ॲव्हरेज सोळाच्या वर आलं. त्यामुळे बाबांची शंका मी झटकून टाकली. पंपावर माप कमी मिळालं असेल, म्हटलं. पण परत आल्यावर पोवई नाक्यावर गाडी उभी राहिली की आत पेट्रोलचा वास यायचा. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काजळी. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा दोन दिवस लागायचा, मग आपोआप जायचा. लांबच्या प्रवासात ठीक आणि गावात खराब, हा फरक डायरीत स्पष्ट लिहिलेला होता. आम्हाला तो तेव्हा वाचता आला नाही. तुमच्या गाडीचं असं होत असेल तर मेकॅनिकला ही गोष्ट आधी सांगा. पुढे याच एका गोष्टीने उलगडा झाला.

१३ सप्टेंबर, शनिवार. पीयूसी १८ तारखेला संपणार होती म्हणून सेंटरवर गेले आणि गाडी नापास झाली. कागदावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९२ टक्के, एचसी (न जळलेलं पेट्रोल, हायड्रोकार्बन) ३८० पीपीएम. आमच्यासारख्या बीएस-२, बीएस-३ पेट्रोल चारचाकीला आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, सीओची मर्यादा ०.५ टक्के आणि एचसीची ७५० पीपीएम आहे. बीएस-४ गाडीला ती आणखी कडक, ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. म्हणजे एचसीमध्ये आम्ही पास, सीओमध्ये जवळजवळ चौपट. तिथल्या मुलाने चांगुलपणाने ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला तर सीओ हळूहळू ०.७ पर्यंत उतरला, सोडला की पुन्हा वर. तो म्हणाला, "मॅडम, टाकीत एक बाटली टाका, होईल पास." बाटली घेतली नाही. पीयूसीशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर कायद्याने दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून १८ पासून गाडी फक्त दुरुस्तीपुरती बाहेर काढायची असं ठरवलं.

आमचे मिस्त्री बाबांच्या ओळखीचे, वीसेक वर्षांपासूनचे. त्यांचं गॅरेज म्हणजे दोन गाळे आणि पुढे पत्र्याची शेड. त्यांनी कागद पाहिला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "ताई, पेट्रोल जास्त जातंय हे खरं. पण का जातंय ते आधी बघू." माझ्या भाच्याकडे मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं ब्लूटूथचं यंत्र होतं, ते लावून पाहिलं, गाडीशी बोलेनाच. मिस्त्री म्हणाले, २०१३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना हे चालत नाही, सॉकेट तसंच दिसतं पण भाषा वेगळी असते. म्हणून १६ तारखेला मोठ्या स्कॅनरवाल्या गॅरेजमध्ये नेली. ५०० रुपये, वीस मिनिटं. कोड आला पी-०१३५. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. तिथल्या माणसाने लगेच सांगितलं, सेन्सर गेला, साडेसहा हजार, उद्या बसवून देतो. मी हो म्हणणार होते. मिस्त्रींना फोन केला म्हणून थांबले. ते म्हणाले, "कोड म्हणतोय हीटरच्या लायनीत गडबड. फ्यूज उडाला तरी हाच कोड येतो. इकडं आणा, मीटर लावू."

हा सेन्सर काय करतो ते मला तोवर माहीत नव्हतं. सायलेन्सरच्या नळीत, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधी, स्क्रूसारखा घट्ट बसवलेला एक धातूचा तुकडा. आत झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची टोपी. टोपीच्या एका बाजूला जळून आलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकावर ती थोडी वीज तयार करते: धुरात ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, पेट्रोल जास्त पडत असेल तर ०.८-०.९. हे बघून गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, हा तोल त्याला धरायचा असतो. पण ही टोपी साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. नुसत्या धुराने ती तापायला वेळ लागतो, म्हणून आत एक छोटा हीटर असतो. आमचा हीटर मेला होता. हायवेवर धूर इतका गरम की सेन्सर त्यावरच चालायचा. गावात, सिग्नलला, आयडलवर तो थंड पडायचा, आणि कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल ओतायचा. पीयूसी आयडलवरच होते. डायरीतलं कोडं इथे सुटलं.

अर्थात हे मिस्त्रींनी मीटर लावून दाखवलं तेव्हा कळलं. आधी फ्यूज पाहिला, शाबूत. मग सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) सोडला, चावी ऑन केली, गाडीकडच्या बाजूला १२ व्होल्ट येतात का पाहिलं. येत होते. मग सेन्सरकडच्या दोन काळ्या वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजला. चांगल्या हीटरचा काही ओहम दाखवतो, इथे मीटरवर काहीच नाही, म्हणजे तार आतून तुटलेली. कपलर परत जोडून इंजिन चालू ठेवलं आणि सिग्नलच्या वायरीवर मीटर धरला. ०.१ वर अडकलेला. हवेच्या नळीत कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारला. आकडा झटकन ०.८ वर जायला हवा होता, तो रेंगाळत ०.३ ला जाऊन बसला. मग त्यांनी दोन-तीन मिनिटं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर धरलं आणि तो आकडा जिवंत झाला: ०.२, ०.७, ०.३, ०.८. मला तो क्षण फार आवडला. आजारी माणसाने डोळे उघडावेत तसं काहीतरी वाटलं. मिस्त्रींनी पाय काढला, पाच मिनिटांत पुन्हा ०.१.

याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर काढणारा भाग) आणि पुढच्या नळीच्या सांध्यावर काजळीचा पट्टा, आणि थंड इंजिन चालू केलं की टिक-टिक आवाज. सांध्यातलं गॅस्केट (फट बंद करणारी चकती) फुंकत होतं. सेन्सरच्या आधी अशी फट असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, चांगल्या सेन्सरलाही धुरात ऑक्सिजन जास्त वाटतो आणि कॉम्प्युटर उगाच पेट्रोल वाढवतो. म्हणजे नुसता नवा सेन्सर बसवून भागलं नसतं. सेन्सर घ्यायच्या आधी ही एक गोष्ट तपासून घ्याच. आमच्याकडे गॅस्केट ३५० रुपयांचं होतं.

आता खरा प्रश्न, सेन्सर कोणता घ्यायचा.

१७ तारखेला रात्री मी एका वेबसाइटवर गाडीचं नाव, पेट्रोल, साल २०१० असं टाकलं. एक सेन्सर दाखवला, खाली "आपल्या गाडीला बसेल" असं हिरव्या अक्षरात. २,१५० रुपये. मागवला. २२ तारखेला, घटस्थापनेच्या दिवशी आला. संध्याकाळी गॅरेजमध्ये जुन्याशेजारी धरला, तर आटे तेच पण कपलरचा आकार वेगळा आणि वायर वीतभर आखूड. मिस्त्री म्हणाले, "हा पुण्याच्या गाडीचा." मला वाटलं ते असंच म्हणतायत. पण ते शब्दशः खरं होतं. १ एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर धरून तेरा शहरांत बीएस-४ लागू झालं. बाकी ठिकाणी त्या वर्षात टप्प्याटप्प्याने बीएस-३ आलं, आणि सगळ्या देशात बीएस-४ व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. तेवढी सगळी वर्षं एकाच नावाची, एकाच रंगाची, एकाच महिन्यात बनलेली गाडी पुण्याच्या शोरूममध्ये बीएस-४ आणि साताऱ्याच्या शोरूममध्ये बीएस-३ असू शकायची. इंजिन तेच, पण वायरिंग, कॉम्प्युटर आणि सेन्सर वेगळे. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीची गाडी आमच्याच मॉडेलची, आमच्यापेक्षा दोन महिन्यांनी घेतलेली. तिच्यात कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर आहेत, आमच्यात एकच.

म्हणून तुमची गाडी २०१० ते २०१७ मधली असेल तर पार्ट शोधण्याआधी एमपरिवहन ॲपवर आरसी उघडून त्यात प्रदूषणाचं मानक काय लिहिलंय ते बघा. आमच्या आरसीवर भारत स्टेज ३ आहे. मला हे दोन मिनिटांचं काम माहीत असतं तर एक आठवडा वाचला असता. तो सेन्सर मी परत केला. पैसे ३ ऑक्टोबरला जमा झाले. परत करता आला कारण मिस्त्रींनी तो आट्यांमध्ये फिरवून पाहू दिला नाही. नव्या सेन्सरच्या आट्यांना चांदीसारखी पेस्ट लावलेली असते, ती एकदा पुसली गेली की कोणी माल परत घेत नाही.

२७ तारखेला, शनिवारी, गावातल्याच एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. बीएस-३ म्हणून ठणकावून सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने कपलर नसलेला, चार मोकळ्या वायरींचा सेन्सर काढला. "युनिव्हर्सल आहे ताई, सगळ्यांना चालतो. जुना कपलर कापायचा आणि वायरी जोडायच्या. काळीला काळी, पांढरीला पांढरी." ११५० रुपये, बिल नाही. पाकीट त्यानेच फोडून दाखवलं होतं.

रविवारी मिस्त्रींनी तो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग आमच्या जुन्या सेन्सरच्या वायरी दाखवल्या: एक निळी, एक पांढरी, दोन काळ्या. नव्याच्या: एक काळी, एक करडी, दोन पांढऱ्या. जुन्यावर डेन्सोचं नाव होतं. त्या पद्धतीत निळी सिग्नलची, पांढरी सिग्नलच्या अर्थिंगची आणि दोन्ही काळ्या हीटरच्या. नव्याची रंगपद्धत बॉश आणि एनटीकेसारखी, तिथे काळी सिग्नलची, करडी अर्थिंगची आणि दोन्ही पांढऱ्या हीटरच्या. काळीला काळी जोडली असती तर हीटरचे १२ व्होल्ट थेट त्या वायरीत गेले असते जिच्यातून कॉम्प्युटर एक व्होल्टच्या आतले आकडे वाचतो. मिस्त्री एवढंच म्हणाले, "ईसीएम, म्हणजे हा कॉम्प्युटर, गेला असता तर गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च." माझ्या अंगावर काटा आला. दुकानदाराने मुद्दाम चुकीचं सांगितलं असं मी म्हणणार नाही, पण ज्याला रंग माहीत नाहीत त्याने जोडणी सांगू नये.

युनिव्हर्सल सेन्सर वाईटच असतो असंही नाही. रंगाचा तक्ता समोर ठेवून, बरोबर जोड काढला तर चालतो. पण दोन गोष्टी मिस्त्रींकडून शिकले. एक, हा जोड क्रिंप करून दाबायचा, कथिलाने डाग द्यायचा नाही, कारण सेन्सरला तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत जाते. कथील ती वाट बुजवतं. त्याच कारणाने कपलरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे भरायचा नाही. दोन, पंधरा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेल्या आमच्या जुन्या वायरी वाकवल्या की कडकड तुटत होत्या. तसल्या वायरींच्या टोकावर नवा जोड घेऊन पावसाळ्यात फिरायची माझी तयारी नव्हती. दुकानाने सेन्सर परत घेतला नाही, पाकीट फुटलंय म्हणून. ते ११५० गेले. फोडलेलं पाकीट परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा, आणि बिल मागा.

आता एकच खात्रीचा मार्ग उरला होता, जुन्या सेन्सरवरचा नंबर. तो षटकोनी भागावर किंवा वायरीवरच्या टॅगवर कोरलेला असतो. खाली झोपून मोबाइलने फोटो काढले, तारेच्या ब्रशने घासलं, तरी शेवटचे चार आकडे गंजात गेलेले. सेन्सर काढल्याशिवाय इलाज नव्हता. ३० तारखेला संध्याकाळी मिस्त्रींनी आट्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. सकाळी इंजिन पाच मिनिटं चालवून नळी कोमट केली आणि बाजूने फट असलेला २२ चा सॉकेट लावला, वायर त्या फटीतून बाहेर राहते. साध्या पान्याने कडा घसरतात. पहिल्या झटक्याला हलला नाही. अर्धा इंच पुढे, पुन्हा मागे, पुन्हा स्प्रे. तासभर गेला. सुटला तेव्हा आटे शाबूत होते, आणि मिस्त्रींच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता. टोकावर कोरडी काळी काजळी होती. त्यांनी सांगितलं, पांढरी खडूसारखी पूड असती तर कुठे तरी सिलिकॉनचं सीलंट वापरल्याची खूण, तपकिरी चिकट असतं तर इंजिन ऑइल जळतंय, आणि मग नवा सेन्सरही तसाच खराब झाला असता. आमची काजळी फक्त जास्त पेट्रोलाची.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाडी गॅरेजच्या दारात, सेन्सरविना, नळीच्या भोकात फडक्याचा बोळा. बाबा सकाळी झेंडूचा हार घेऊन तिथपर्यंत चालत गेले आणि पूजा करून आले.

४ ऑक्टोबर, शनिवार. जुना सेन्सर डब्यात, चेसिस नंबर आणि आरसीची प्रत पिशवीत, आणि मी सातारा-स्वारगेट विनाथांबा एसटीत. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास स्वस्त. स्वारगेटहून रिक्षाने नाना पेठ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाना पेठ म्हणजे पुण्यातला गाड्यांच्या पार्टचा बाजार, एका दुकानात फक्त क्लच, शेजारी फक्त काचा, पलीकडे फक्त बेअरिंग. तिसऱ्या दुकानात मला हवे ते काका भेटले. साठीचे असतील. त्यांनी गाडीचं नाव विचारलंच नाही. सेन्सर घेतला, भिंगातून पाहिला, खडूने षटकोनावर घासलं, आणि गंजात गेलेले आकडे खडूच्या पांढऱ्यात उठून दिसले. मी इतके दिवस ब्रश घेऊन घासत होते तिथे! खडू. कृपया लक्षात ठेवा.

मग चेसिस नंबर कॉम्प्युटरवर टाकून ताडून पाहिला. "नंबर बदललाय पोरी," ते म्हणाले. मला धस्स झालं. पण अर्थ असा की कंपनीने जुना नंबर बंद करून त्याच पार्टला नवा नंबर दिला होता, आणि यादीत जुन्यासमोर नवा छापलेला होता. जुना नंबर "स्टॉकमध्ये नाही" असं कुठे दिसलं तर तिथेच थांबू नका, बदललेला नंबर विचारा. त्यांनी नवा सेन्सर काढून जुन्याशेजारी काचेवर ठेवला. कपलर सारखा, खाचा सारख्या, वायरीची लांबी सारखी, निळी-पांढरी-काळी-काळी. मग न सांगता मीटर लावून हीटर मोजला: १३ ओहम. ३,४०० छापील, २,९८० ला दिला, पक्कं बिल.

गिऱ्हाईक कमी होतं म्हणून त्यांनी बरंच सांगितलं. काही जुन्या गाड्यांत झिर्कोनियाऐवजी टिटॅनियाचा सेन्सर असतो. तो वीज तयार करत नाही, स्वतःचा रेझिस्टन्स बदलतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पाच वायरींचा आला तर तो वाइडबँड, त्याचं गणितच निराळं. एका वायरीच्या बिनहीटरच्या जागी चार वायरींचा बसवायला लोक येतात, त्यांना ते आधी मेकॅनिकला घेऊन या म्हणतात. आणि पुढचा-मागचा असे दोन असतील तर दोघांचे कपलर सारखे दिसले तरी अदलाबदल करायची नाही. मी वहीत लिहून घेत होते, ते पाहून त्यांनी चहा मागवला.

५ तारखेला रविवारी बसवला. आधी नवं गॅस्केट, मग सेन्सर हाताने शेवटपर्यंत फिरवून मग टॉर्क पान्याने ४० न्यूटन-मीटरवर. पेस्ट आट्यांना लागूनच आली होती, टोकाला बोटही लागू दिलं नाही. वायर नळीपासून लांब, जुन्याच क्लिपांमध्ये. बॅटरीचं टर्मिनल पंधरा मिनिटं काढून ठेवलं, म्हणजे कॉम्प्युटरने जुन्या आजारी सेन्सरवरून जे शिकून ठेवलं होतं ते पुसलं जातं. मजुरी, गॅस्केट, काढण्याचं काम धरून १,१०० रुपये. मिस्त्री जास्त घेऊ शकले असते.

टर्मिनल काढल्यावर लगेच पीयूसीला जाऊ नका, कॉम्प्युटरला नव्याने शिकायला थोडं चालवावं लागतं. आम्ही मात्र पीयूसीशिवाय लांब जाऊ शकत नव्हतो. मिस्त्रींनी उभ्या गाडीवर अर्धा तास कमी-जास्त वेगात इंजिन चालवलं, आणि ८ तारखेला सकाळी गॅरेजपासून सेंटरपर्यंत गरम इंजिनानेच नेली. इंजिन आणि कन्व्हर्टर तापलेले असताना चाचणी करणं फार महत्त्वाचं आहे. रांग असेल तर बंद करून ठेवू नका. सीओ ०.२१ टक्के. एचसी ९६. मी तो कागद दोनदा वाचला. सव्वाशे रुपये दिले, सहा महिन्यांची पीयूसी हातात आली.

पुढचं आरटीओचं काम त्या मानाने सरळ होतं. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणून १३ ऑक्टोबरला परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २५ भरला. चारचाकीची नूतनीकरण फी ५ हजार, कार्ड आणि पोस्टाचे वेगळे, आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीचा पर्यावरण कर तेव्हा ३ हजार होता, पाच वर्षांसाठी. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. नवी सुरक्षा नंबर प्लेट आम्ही उन्हाळ्यातच बसवली होती, ८७९ रुपयांत. दिवाळीच्या सुट्ट्यांमुळे तपासणीची तारीख ४ नोव्हेंबर मिळाली. इंजिन थंड असताना चेसिस नंबरची जागा रॉकेलने पुसून स्वच्छ करून न्या, निरीक्षक तोच आधी बघतात. दिवे, वायपर, हॉर्न, विमा, पीयूसी. आमचा नंबर यायला अडीच तास लागले, तपासणीला दहा मिनिटं. नवी आरसी २५ नोव्हेंबरला पोस्टाने आली.

एक गोष्ट राहून गेली. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्याला जळायला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरला स्वतःहून पेट्रोल वाढवून तोल सांभाळावा लागतो, आणि ते तो याच सेन्सरच्या भरवशावर करतो. आमची गाडी अशा पेट्रोलसाठी बनलेली नाही. तिच्यात हा सेन्सर ठणठणीत असणं मला म्हणूनच जास्त महत्त्वाचं वाटतं. जुनी गाडी ठेवायची असेल तर टायर आणि ऑइलच्या बरोबरीने याकडे लक्ष द्या, दिवा लागायची वाट बघू नका.

गेल्या आठवड्यात पेट्रोल भरून आले. बाबांनी भागाकार केला: गावात १४.२. मग मागची दोन पानं उलटून ५ ऑक्टोबरच्या नोंदीशी थांबले. "सेन्सर बदलला, किमी १,०८,४१२" एवढंच तिथे होतं. "नंबर सांग," म्हणाले. मी बिल काढून वाचून दाखवलं. त्यांनी आधी जुना नंबर लिहिला, पुढे बाण काढला आणि नवा लिहिला, मग वायरींचे चार रंग एकाखाली एक मांडले आणि बिल त्या पानाला टाचून टाकलं.